आमच्या गल्लीत एकही कावळा मेला नाही

२७ जुलै

आजपासून मी मेलेल्या पक्ष्यांचा अधिकारी. कागदावर हुद्दा लांबलचक आहे, पण काम एवढंच. शहरात कुठे पक्षी मरून पडला की लोकांनी आमच्या कार्यालयात फोन करायचा, मी जाऊन तो उचलायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचायची. माझी सगळी नोकरी गुरांच्या गोठ्यात गेली. आरोग्य खात्याला एक पशुवैद्य उसना हवा होता आणि आमच्या साहेबांना मी नको होतो, त्यामुळे दोघांचंही भागलं.

आरोग्य अधिकारी मॅडम वयाने माझ्या मुलीसारख्या. समोर बसवून त्यांनी शांतपणे शिकवलं. हा विषाणू डासांतून पक्ष्यांत आणि पक्ष्यांतून पुन्हा डासांत असा फिरत राहतो. तोच डास कधी माणसाला चावला की माणूस आजारी पडतो. कावळा मात्र या आजारात टिकतच नाही, पटकन मरतो. मॅडम म्हणाल्या, "आधी कावळे मरतात, मग माणसं आजारी पडतात. मधे जे दोनतीन आठवडे मिळतात, तेवढेच आपले. जिथे कावळे पडतील तिथली गटारं, डबकी आधी साफ करायची, औषध मारायचं."

घरी येऊन मामांना सांगितलं. मामा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म चष्म्याच्या दुकानात. ही आजारी पडली तेव्हा मदतीला म्हणून ते आमच्याकडे राहायला आले. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर त्यांनी "जातो" म्हटलं नाही आणि मीही "जा" म्हटलं नाही. तिच्या बागेला पाणी घालतात, पेपर वाचतात, माझ्या भाजीत मीठ कमी आहे असं सांगतात.

"म्हणजे जावईबापू, आता कावळे वेचणार," मामा म्हणाले.

मी हो म्हटलं.

"ही बढती समजायची की कसं?"

मी त्यांना भाजी वाढली.

३० जुलै

पक्षी उचलण्याची पद्धत अशी: प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालायची, तिच्यातून पक्षी धरायचा, पिशवी उलटी करून गाठ मारायची, मग दुसऱ्या पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत. ताजा असेल तरच प्रयोगशाळा घेते. ताजा की शिळा ते डोळ्यांवरून कळतं. डोळे भरलेले असले तर ठीक, खोल गेले असले तर नमुना बाद. पण टाचणी दोघांनाही मिळते, शिळ्यालाही. साधा मेला तर काळी टाचणी, विषाणू सापडला तर लाल.

फोन घेणाऱ्या बाईंना सगळे फोनताई म्हणतात. आज त्यांना एकाने विचारलं, मेलेल्या कोंबडीचे पैसे मिळतात का. दुसऱ्याने सांगितलं, बायको आठ दिवस बोलत नाहीये, तिला काही झालं असेल का. फोनताईंनी त्याला गंभीरपणे सांगितलं की आम्ही फक्त पक्ष्यांचं बघतो.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कार्यालयाच्या वहीत तिचं काम नाही. आमच्या घरात एक नियम आहे. वाईट बातमी जेवण होईपर्यंत सांगायची नाही. नियम मामांच्या घरचा, बायकोबरोबर आंदणात आला. आता गंमत अशी की जेवण झालं की मामांना लगेच झोप येते आणि मला भांडी असतात. त्यामुळे वाईट बातमी सांगायची राहूनच जाते. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना एकही वाईट बातमी दिल्याचं मला आठवत नाही. सुखाचा संसार म्हणतात तो हाच असावा.

५ ऑगस्ट

पहिले निकाल आले. नदीकाठच्या वस्तीतले कावळे, सगळे लाल. मॅडमनी निकाल दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "तरुणांना बहुतेक काही होत नाही, झालाच तर साधा ताप. पण साठीच्या पुढची माणसं सांभाळायला हवीत. त्यांच्या मेंदूपर्यंत जातो हा."

आमच्या घरात साठीच्या कितीतरी पुढचं एक माणूस आहे, आणि ते संध्याकाळी बागेत उघड्या पायांनी बसतं.

संध्याकाळी जेवण होईपर्यंत गप्प राहिलो. नंतर मामांना एवढंच म्हटलं की नदीकडे जरा वाढलंय, तुम्ही संध्याकाळी मोजे घालत जा. त्यांनी विचारलं, "आणि आपल्याकडे?"

मी म्हटलं, "आपल्या गल्लीत एकही कावळा मेला नाही. तेवढंच काय ते समाधान. नाहीतर या कामात जीव लागला नसता माझा."



६ ऑगस्ट

काल झोप फार छान लागली. सकाळी उशिरा उठलो. मामांनी चहा करून ठेवला होता, हे सहसा होत नाही. माझ्याकडे टक लावून बघत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. तोंडावर टवटवी दिसतेय."

१० ऑगस्ट

मामांना बागेचं वेड लागलंय. इतकी वर्षं नुसतं पाणी घालणारा माणूस, आता कुदळ घेऊन मागे गटाराजवळच्या कोपऱ्यात खणत असतो. आज झेंडू लावला. परवा जास्वंद लावली होती. मी म्हटलं, मामा, या वयात कशाला वाकताय, मी रविवारी खणून देतो. तर म्हणाले, "तुम्ही बाहेर एवढं करता. घरातलं मला करू द्या."

माझ्या पेटीतले रबरी हातमोजेही मागून घेतले, गुलाबाचे काटे लागतात म्हणून. गुलाब अजून लावलेला नाही. पण माणूस रमलाय हे खरं. ही गेल्यापासून त्यांना असं उत्साहाने काही करताना मी पाहिलं नव्हतं. तिला किती आनंद झाला असता, असं मनात आलं आणि मी उगाच जाऊन कुंड्यांना पाणी घातलं.

१४ ऑगस्ट

फोनांनी नाकी नऊ आणले आहेत. आता नदीकाठ, बाजार, शाळेमागची मोकळी जागा, रेल्वेची वसाहत, सगळीकडे टाचण्या.

मॅडम आज नकाशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. बोट ठेवून म्हणाल्या, "ही जागा बघा. चहूबाजूंनी लाल आहे आणि मधे हा एवढा भाग कोरा. कसं काय?"

मी बघितलं. बोटाखाली आमचीच गल्ली होती. आमची आणि आजूबाजूच्या दोनतीन.

मी जरा अभिमानानेच सांगितलं की आमच्याकडे गटारं नवीन आहेत, लोक शिकलेले आहेत, कचरा टाकत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "कावळ्याला काय माहीत लोक शिकलेले आहेत ते." आणि गाडीचं वेळापत्रक बघू लागल्या. औषध मारणारी गाडी एकच आहे आणि तिला पुरे पडत नाही. मीच म्हटलं, आमच्याकडे आत्ता नको, गरज आहे तिथे पाठवा. स्वतःच्या गल्लीत आधी गाडी नेली असं उद्या कुणी म्हणायला नको.

१८ ऑगस्ट

मामांचा हल्ली गल्लीत राबता वाढलाय. कधी फाटकाशी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, कधी समोरच्या शिक्षिकाबाई, कधी दूधवाला. मी आलो की मंडळी नमस्कार करून निघून जातात. म्हाताऱ्या माणसाला चार लोकांशी बोलायला मिळतंय, बरंच आहे.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "मेलेला पक्षी जमिनीत पुरला तर रोग पसरतो का हो?"

मी म्हटलं, नीट खोल पुरला तर पसरत नाही. पसरतो तो डासांनी.

"म्हणजे पुरलेलं चालतं."

"चालतं. पण मग आम्हाला कळणार कसं? कळण्यासाठीच तर सगळा खटाटोप."

त्यावर म्हणाले, "कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. तुमच्या गाई सुटल्या आणि तुम्ही अडकलात." मी हसलो. माझ्या कामाची त्यांना इतकी चौकशी असेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

बागेत आता झाडं दाटीवाटीने झालीत. एवढ्या जवळ लावली तर जगायची नाहीत असं सांगितलं, तर म्हणाले, बघू.

२३ ऑगस्ट

बसवर कंडक्टर असलेल्या एक बाई याच आजाराने रुग्णालयात होत्या, त्या आज गेल्या. साठीला टेकल्या होत्या, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. रेल्वेच्या वसाहतीत राहायच्या. तिथे पहिली टाचणी टोचली तेव्हा गाडी दुसरीकडे होती, पोचायला वेळ लागला. फोनताई डोळे पुसत फोन घेत होत्या. मी टाचण्यांकडे बघत बसलो. ही टाचणी म्हणजे कुणाच्या तरी घराला दिलेली हाक आहे आणि आपण ती हाक ऐकून उशिरा निघालो, असं वाटत राहिलं.

घरी काही सांगितलं नाही. जेवण झाल्यावरही नाही. मामांनी विचारलं, "आज काय विशेष?" म्हटलं, आटोक्यात येतंय. ते म्हणाले, "छान."

२६ ऑगस्ट

मामा आज बागेत गेले नाहीत. डोकं दुखतं म्हणाले. ऊन लागलं असेल. उकडत असताना पांघरूण घेऊन बसले होते. जेवताना हातातून चमचा दोनदा पडला. मी उचलून दिला तर म्हणाले, "तेल जास्त घालता तुम्ही, निसटतो." एरवी भाजीला नावं ठेवली की मी उलट बोलतो, पण आज बोललो नाही.

ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावायला गेलो, तर त्यांनी तो बाजूला केला. खणून खणून दमले असणार. उद्या त्यांच्या हातातून कुदळ काढून घेणार आहे.

२७ ऑगस्ट

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितोय.

सकाळी चहा द्यायला गेलो तर मामा पलंगावर बसून माझ्याकडे परक्यासारखे बघत होते. म्हणाले, "या. नंबर काढायचाय का? अक्षरं वाचा बरं समोरची." मी म्हटलं, मामा, मी आहे. तर अगदी अदबीने म्हणाले, "आधी डावा डोळा झाका." अंग भाजत होतं. मान पुढे वाकत नव्हती. उभं करायला गेलो तर डावा पाय जमिनीवर टेकेना.

इथल्या डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढून तपासायला पाठवलंय, पण त्यांना आणि मला उत्तर ठाऊक आहे. यावर औषध नाही. सलाईन, ताप उतरवायचा आणि वाट बघायची. मी गाईचे कान बघून सांगतो हिला बरं नाही म्हणून. काल हा माणूस माझ्यासमोर थंडीने कुडकुडत होता आणि मी तेलाचा विचार करत होतो.

आणि कळत नाहीये ते हे, की कुठून? आमच्याकडे तर एकही कावळा मेला नाही.

२८ ऑगस्ट

कळलं.

मामांचे कपडे न्यायला घरी आलो. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याने थांबवलं. मामांची चौकशी केली, मान खाली घालून ऐकलं, आणि मग म्हणाला, "साहेब, वेळ नाही विचारायची, पण आमच्या कावळ्याचा निकाल आला का हो?"

मी विचारलं, कसला कावळा?

"आमच्या पत्र्यावर पडला होता तो. फोन करणारच होतो, पण बायको म्हणाली डॉक्टर इथेच राहतात, सरळ घरी नेऊन दे. काकांकडे दिला. काका म्हणाले, ठेवून जा, देतो डॉक्टरांना. मग सगळे तसंच करायला लागले. शिक्षिकाबाईंनी दोन दिले. दूधवाल्याने तर पिशवीच आणली होती. काकांनी सांगितलं नाही का?"

मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. घरी आलो, मागे गेलो, झेंडूचं रोप उपटलं आणि हाताने माती उकरली. फार उकरावं लागलं नाही. आधी काळं पीस आलं.

मग जास्वंद उपटली. शेवंती उपटली. प्रत्येक झाडाखाली होता. पेपरात नीट गुंडाळलेला, पंख मिटवून, चोच एका बाजूला करून. एखाद्याला पांघरूण घालून निजवावं तसं. आणि सगळ्या झाडांना लागून गटार, त्यावर डासांचे थवे. दिवस मावळताना, डास उठायच्या वेळेला, म्हातारा इथे वाकून खणत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी सगळं शहर पालथं घालून कावळे वेचत होतो आणि माझ्या गल्लीतले सगळे कावळे माझ्याच घरात जमा होत होते. लोकांना वाटलं त्यांनी कळवलं. मला वाटलं कळवण्यासारखं काही नाही. गाडी मीच आमच्याकडे येऊ दिली नाही.

मॅडमना फोन केला. त्या स्वतः आल्या. उकरलेल्या मातीकडे बघून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त. संध्याकाळी औषधाची गाडी गल्लीत शिरली. नकाशावरच्या कोऱ्या जागेत टाचण्या मी माझ्या हाताने टोचल्या. त्यातली प्रत्येक टाचणी तेव्हाच टोचली असती तर, हा हिशेब मी करत बसलो नाही, पण तो आपोआप होत राहतो.

मामांची शुद्ध येते-जाते. मला त्यांचा राग आलाय. असा माणूस झोपलेला असताना त्याच्यावर रागावता येत नाही, म्हणून जास्तच आलाय.

३० ऑगस्ट

गल्लीत तिघांना ताप आहे, साधा. इस्त्रीवाल्याच्या बायकोलाही. मॅडम म्हणाल्या उतरेल. मी घरोघरी जाऊन सांगितलं की आमच्या घरी काही देऊ नका, फोन करा. शिक्षिकाबाईंना वाटलं मी रागावलोय. त्यांनी मला सूप दिलं. मी त्यांच्या दारात उभं राहूनच प्यायलो आणि मला रडू आलं. त्या आत निघून गेल्या, मला रडू दिलं, मग वाटी घ्यायला आल्या.

मामा आज नुसते छताकडे बघत होते. ते जाणार नाहीत ना, असा विचार दिवसभरात कितीदा तरी आला. ही होती तेव्हा ते तिचे वडील होते. आता ते कुणाचे आहेत, असं कुणी विचारलं तर मी माझे म्हणेन. हे मला आजच कळलंय आणि सांगायला समोरचा माणूस शुद्धीवर नाही.

२ सप्टेंबर

ताप उतरला. दुपारी मी खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो, तर आवाज आला, "चष्मा पुसत चला जरा. काचेवर बोटं दिसतायत."

पेपर बाजूला ठेवला. मी कोण हे त्यांना कळत होतं. नर्सबाईंनी दोन उशा लावून त्यांना टेकवून बसवलं. मी पाणी पाजलं. रागावून बोलायचं पाठ करून ठेवलं होतं ते सगळं, पण तोंडातून एवढंच आलं, "मामा, का केलंत असं?"

ते म्हणाले, "बाग उकरलीत वाटतं."

"उकरली."

"झाडं गेली असतील."

"गेली."

"ती गेल्यापासून तुमची खाट मी पलीकडच्या खोलीत ऐकतो. कुरकुरते. या कुशीवरून त्या कुशीवर. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आपल्या गल्लीत एकही नाही, तेवढंच समाधान. आणि त्या रात्री खाट वाजली नाही. एकदाही नाही." ते थांबले, दम लागला होता. "दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला कावळा घेऊन आला. म्हटलं, हा एवढा एक पुरून टाकू. एकाने काय होतंय. मग दुसरा आला. एक लपवला की दुसरा लपवावाच लागतो रे. तुला झोप लागत होती. ती मला मोडवेना."

तीन वर्षांत काय, लग्न झाल्यापासून मामा मला कधी अरे-तुरे करत नव्हते.

मी म्हटलं, "माझी झोप काय करायचीय मामा? तुम्ही गेला असतात."

"मला वाटलं, मी काळजी घेतोय."

"मी पण तेच करत होतो. तुम्हाला सांगितलं नाही मी, त्या कंडक्टरबाई गेल्या म्हणून."

"माहीत आहे मला. पेपर मी पण वाचतो. अक्षरं बारीक असली तरी." मग हळूच म्हणाले, "तो नियम मी केला ना, जेवणाचा, तो हिची आई आजारी होती तेव्हा केला. पोरगी लहान होती. काही ऐकलं की ताटावरून उठायची. म्हटलं, जेवू दे तिला पोटभर, मग सांगू. तेवढ्यापुरता होता तो. मोडायचा राहिला."

मग त्यांना झोप लागली. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. डावा हात जरा थंड असतो आणि बोटं पकडत नाहीत. डॉक्टर म्हणतात हात सुधारेल, पायाचं सांगता येत नाही.

१२ सप्टेंबर

गल्लीतले ताप उतरले. नवीन कुणी आजारी नाही. मॅडमनी कोऱ्या जागेचा किस्सा, नाव न सांगता, सगळ्या वॉर्डांना कळवला आणि पत्रकात एक ओळ वाढवली: पक्षी कुणाच्या घरी नेऊन देऊ नये, मग तो माणूस कोणीही असो. फोनताई म्हणाल्या, डॉक्टर, तुमच्यामुळे पत्रकाला एक ओळ जास्त लागली. त्यावर सगळे हसले, मीही हसलो.

२० सप्टेंबर

मामा घरी आले. काठी आणि माझा खांदा. गल्लीने फाटकाशी गर्दी केली होती. इस्त्रीवाल्याने हात जोडले तर मामा म्हणाले, "आता कावळा मला नको, ह्यांच्या ऑफिसला द्या. मी निवृत्त झालोय."

त्यांची खाट माझ्या खोलीत आणली. दोन खाटा लागून. मला सवय नाही, त्यांनाही नाही. ते घोरतात हे मला माहीत नव्हतं.

२९ सप्टेंबर

पाय हळूहळू उचलतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांच्यावर चिडतात आणि त्या गेल्या की दुप्पट व्यायाम करतात. मी कामावर जातो तेव्हा सगळं ठीक आहे म्हणतात. मी खोदून विचारत नाही. खरं म्हणजे विचारायला घाबरतो. इतकं सगळं होऊनही आम्ही दोघं पुन्हा ठीक आहे, ठीक आहे करत बसलोय.

६ ऑक्टोबर

सकाळी कार्यालयात फोनताईंनी फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "एक गृहस्थ आहेत. अधिकाऱ्यांनाच सांगणार म्हणतात."

"हॅलो, मेलेला पक्षी कळवायचा होता."

आवाज ओळखला. मी पेन उचललं आणि रीतीप्रमाणे विचारलं, कुठे?

"आमच्या मागच्या अंगणात. कावळा."

"ताजा आहे?"

"डोळे चांगले आहेत. डोळ्यांचं मला कळतं."

"हात लावलात?"

"नाही. न्हाणीघराच्या दारातून, लांबून बघितला." मी ते लिहून घेतलं. "अजून एक कळवायचंय. ते कागदावर घेऊ नका."

"बोला मामा."

"तुम्ही गेलात आणि मी न्हाणीघराशी पडलो. लागलं नाही कुठे. पण उठता येईना. खूप वेळ तिथेच होतो जमिनीवर. मग सरकत सरकत फोनपाशी आलो. आत्ताही खालीच बसलोय. सांगणार नव्हतो. तुम्ही आल्यावर खुर्चीत बसलेला दिसलो असतो, असं काहीतरी जमवलं असतं. पण मला भीती वाटली. फार भीती वाटली मला."

फोनताई समोर होत्या, दोन माणसं रांगेत उभी होती. मी म्हटलं, "मलाही वाटते. रोज वाटते. सकाळी दार ओढून घेतलं की वाटायला लागते."

"मग बोलत का नाहीस?"

"तुम्ही बोलत नाही म्हणून."

ते हसले की काय ते कळलं नाही. म्हणाले, "लवकर ये."

मी गेलो. मामा फोनच्या मेजाला टेकून जमिनीवर बसले होते, एक चप्पल पायात, एक न्हाणीघरात. उचलून खुर्चीत बसवायला हवं होतं. त्याऐवजी मीच त्यांच्याजवळ खाली बसलो. पाय कुठे दुखतो ते त्यांनी दाखवलं, याआधी कुठे कुठे दुखत होता आणि मला सांगितलं नव्हतं तेही दाखवलं. मग हिच्याबद्दल बोलले. मग मी बोललो. शेवटच्या दिवशी तिने मला काय सांगितलं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि थोड्या वेळाने तो मला दिला.

मॅडमचा फोन आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. विचारत होत्या, तुमच्या गल्लीतला कावळा प्रयोगशाळेत पोचला नाही अजून.

धावत मागे गेलो. ऊन थेट त्याच्यावर आलं होतं, मुंग्या लागल्या होत्या, डोळे खोल गेले होते. मॅडमना सांगितलं की नमुना बाद झाला, चूक माझी आहे, टाचणी तेवढी लावून टाका. त्यांनी विचारलं, घरी असून उशीर कसा झाला?

मी म्हटलं, "मॅडम, बोलत बसलो होतो."